दुसऱ्या रकान्यातली सही

४ मार्च, मंगळवार

सगळं बदललं ते आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. मी "सहा पॉइंट चार" असं पुकारलं आणि पलीकडून आवाज आला नाही.

आमच्या टेबलावर वाफेचा, पाण्याचा, हवेचा दाब दाखवणारे गेज तपासतात. गोल डबी, काचेखाली एक काटा, बस. खुर्च्या दोन, मध्ये पत्र्याचा आडोसा. अलीकडे मी, माझ्यासमोर गिऱ्हाइकाचा गेज. पलीकडे ती, तिच्यासमोर पंप आणि खरा दाब दाखवणारा मास्टर गेज. ती दाब चढवते, मी माझ्या काट्यावरचा आकडा पुकारतो, ती तोच आकडा मोठ्यानं परत म्हणते आणि मगच लिहिते. पटलं नाही तर एकच शब्द: "पुन्हा." म्हणून सगळे तिला टीचर म्हणतात. शेवटी स्लिपवर दोन सह्या. पहिल्या रकान्यात माझी, दुसऱ्यात तिची. दिवसभरात आमचं बोलणं म्हणजे हे आकडे. पण दीड वर्ष कुणी तुमचा प्रत्येक शब्द जसाच्या तसा परत म्हटला, तर माणसाचं काय होईल? माझं झालंय.

आडोशावरून डोकावलो तर खुर्ची रिकामी. एचआरच्या बाई तिला "दोनच मिनिटं" म्हणून घेऊन गेल्या होत्या. मग आणखी एकाला. मग आणखी. मीटिंग रूममध्ये जो गेला तो जागेवर परत आला नाही. वॉचमन येऊन त्याचा डबा, त्याचा स्वेटर गोळा करून नेत होता. अठरातले सात गेले. मी जाऊन ते दार बडवलं. बाईंनी बोटभर उघडलं, हातातला कागद बघितला आणि म्हणाल्या, "तुम्ही यादीत नाही. जागेवर जा." त्यावर मी जे बोललो ते लिहीत नाही. मी ताईकडे राहतो, ही वही तिच्या हाती पडली तर माझी धडगत नाही.

टीचर मागच्या जिन्यानं गेली म्हणे. मला दिसलीच नाही.

५ मार्च, बुधवार

बोर्डावर नोटीस. गेलेल्यांशी कामासंबंधी संपर्क करू नये. उरलेल्यांनी एकमेकांशी मोकळेपणानं संवाद साधावा. दर सोमवारी दहा वाजता संवाद बैठक.

स्टोअरकीपरनं ती मोठ्यानं वाचली आणि मला म्हणाला, "काय अर्धे इंजिनिअर, साधायचा का संवाद?" कॉलेज तिसऱ्या वर्षात सोडल्यापासून मी त्याच्यासाठी अर्धा इंजिनिअर. एरवी मी त्याला चार सुनावतो. आज दोघंही हसलो नाही.

मिस्त्रीकाका दुपारी टेबलाशी आले. आमच्या विभागाचे तेच मुख्य, तीस वर्षं इथेच. पलीकडच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. "तुझं चालू ठेव," म्हणाले. "दुसऱ्या सहीचं... बघू." आणि गेले. बघू म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. विचारणार पण नाही. सोमवारी हा माणूस साहेबांच्या खोलीत दोन तास बसला होता. यादी कुणी दिली हे कळायला पूर्ण इंजिनिअर असावं लागत नाही.

७ मार्च, शुक्रवार

आडोसा काढून टाकला. पंप मीच मारतो, दोन्ही काटे मीच बघतो. कालपर्यंत मुकाट्यानं केलं, पण जमेना. आकडा तोंडातून निघाल्याशिवाय हात लिहीतच नाही. म्हणून आज पुकारायला लागलो. "दोन पॉइंट एक." मग ती जेवढा वेळ घ्यायची तेवढा थांबतो. मनात तिचा आवाज बरोब्बर येतो, "दोन पॉइंट एक," शेवटच्या अक्षरावर जरा दम टाकत. मग लिहितो.

पॅकिंगवाले ओरडत होते, स्लिप अर्ध्या आहेत म्हणून. दुसरी सही नसेल तर माल निघत नाही. मग तिचीही मीच केली; पहिलीला जरा वेळ लागला. दुसरीपासून नाही. तिची सही मला माझ्या सहीपेक्षा सुबक येते. पहिलं अक्षर उभं, दुसरं त्याला टेकलेलं, खाली बारीक ठिपका. माझ्या नावाशेजारी तिचं नाव. खोलीत ती असल्यासारखं वाटलं. आज बारा स्लिप झाल्या.

तिला चार मेसेज टाकले. वाचलेत. उत्तर नाही. धक्का बसला असेल बिचारीला.

१० मार्च, सोमवार

संवाद बैठक. अकरा माणसं, अठरा खुर्च्या. एवढं तरी भान ठेवायचं. एचआरच्या बाई म्हणाल्या, मनात काय असेल ते निःसंकोच बोला. सगळे आपापल्या बुटांकडे बघत. बाई परत म्हणाल्या. परत बूट.

मग मी उठलो. म्हणालो, सात माणसं मागच्या जिन्यानं घालवलीत, त्यांचे डबे वॉचमनकडून गोळा केलेत आणि आम्हाला बोला म्हणता? कुणाच्या मनातलं ऐकायचंय तुम्हाला, तुमच्या की आमच्या? अजूनही बरंच बोललो. आवाज चढला तो चढलाच. वाटलं, मागून कुणीतरी "बरोबर आहे" म्हणेल. बाईंनी डायरीत काहीतरी लिहिलं आणि थँक यू म्हणाल्या. बैठक संपली.

जेवायला बसलो तेव्हा माझ्या बाकावर कुणी आलं नाही. स्टोअरकीपरसुद्धा डबा घेऊन स्टोअरमध्ये गेला. जाताना पुटपुटला, "तुझं लग्न झालेलं नाही बाबा, तू बोलशील."

मिस्त्रीकाका हात धुताना शेजारी उभे होते. नळ बंद करून म्हणाले, "बोललास ते खोटं नव्हतं. पण तुला विचारायचं काय होतं? ते राहूनच गेलं." मी त्यांच्याकडे न बघता निघून आलो. मोठे आले विचारायचं शिकवणारे.

१४ मार्च, शुक्रवार

तिचा मेसेज आला!! जसाच्या तसा उतरवून ठेवतो. "मी ठीक आहे. नवीन ठिकाणी बोलणी चालू आहेत. काम नीट कर. सारखे मेसेज करू नकोस, प्लीज."

काम नीट कर. काळजी असल्याशिवाय कुणी असं लिहितं? आणि ते प्लीज. बाकीचं मुद्दाम कोरडं लिहिलंय, नोटिशीमुळे घाबरली असणार. गेल्या वर्षी एकदा तिनं "मला टीचर नको म्हणूस, ताई म्हण हवं तर" असं सांगितलं होतं, तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो. आज कळतंय, तिला चारचौघांत तसं बोलणं भागच होतं.

आमची ताई म्हणाली, आज स्वारी गुणगुणतेय, काय भानगड? काही नाही म्हटलं. तिनं भावजींकडे बघून भुवया उडवल्या. या घरात पुढच्या खोलीत झोपणाऱ्याला खासगी असं काही नसतं.

१९ मार्च, बुधवार

एकतीस गेज. एका दिवसातला माझा विक्रम. मधल्या वेळात तिला लांबलचक मेसेज लिहीत होतो, टेबलाखाली. पाठवला नाही. तिनं नको म्हटलंय. पण लिहून झाला, चांगला झालाय.

काका संध्याकाळी त्यांच्या टेबलापाशी दिवा लावून नुसते बसलेले असतात. पेन उघडं, समोर काही नाही. पाचपासून सहापर्यंत. रोज. मी त्यांच्यासमोरून न बोलता जातो.

२२ मार्च, शनिवार

सुट्टी. बोलायला कुणी नाही. ताई आणि भावजी बाहेर गेले होते. घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजल्या आणि "तीन" असं मोठ्यानं म्हणालो.

२४ मार्च, सोमवार

वाईट झालं. हॉस्पिटलच्या चादरी धुणारी एक लाँड्री आहे, तिला आम्ही बारा गेज पाठवले होते. त्यातला एक बॉयलरला लावला. काटा आठ दाखवत होता, आत दाब नऊला टेकला होता. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला म्हणून निभावलं. बॉयलरवाल्याच्या मनगटाला वाफ लागली. लाँड्रीवाले तो गेज आमच्या स्लिपसकट घेऊन आले. तारीख एकोणीस. पहिली सही माझी. दुसरी तिची.

साहेबांनी आणि बाईंनी मला आत बोलावलं. पण त्यांनी मला फारसं विचारलंच नाही. त्यांचं ठरलेलं होतं. चार तारखेला गेलेल्या बाईची सही एकोणीसच्या स्लिपवर आहे, याचा अर्थ तिनं जाण्याआधी कोऱ्या स्लिपांवर सह्या करून ठेवल्या असणार. कोऱ्या स्लिपवर सही म्हणजे आमच्या कामात सर्वांत मोठा गुन्हा. साहेब मला म्हणाले, "तू त्या स्लिप वापरल्यास, ही तुझी चूक. पण तू नवखा." मी हो म्हणून मान हलवली. हलवली.

बाहेर स्टोअरकीपरनं पुढचं सांगितलं. तिला दुसऱ्या एका तपासणी प्रयोगशाळेत नोकरी ठरलीय, एक तारखेपासून. इथलं अनुभवाचं पत्र एकतीसपर्यंत दिलं तरच. बाईंनी ते पत्र अडवलंय. तिला उद्या खुलाशाला बोलावलंय.

या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून लिहितो. हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की उद्या ती येणार. ती मला दिसणार.

२५ मार्च, मंगळवार

आली. केस आखूड केलेत. मीटिंग रूमच्या काचेतून दिसत होती. बाईंनी स्लिप पुढे सरकवली, तिनं ती उचलली, जवळ नेली, आणि मग मान वर करून काचेतून थेट माझ्याकडे बघितलं. सही कुणी केली ते ओळखायला तिला पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत.

वीस मिनिटांनी बाहेर आली. मी पाणी प्यायच्या जागी उभा होतो. तिथे ती आली.

"किती स्लिपांवर केलीस?"

"दोनशे बारा."

"दोनशे बारा वेळा तू माझ्या नावानं हो म्हणालास."

मी म्हणालो, तुझं नाव इथे राहावं म्हणून. तुला असं पुसून टाकलं ते मला सहन होईना म्हणून. मला अजून बरंच म्हणायचं होतं, तो न पाठवलेला मेसेज पाठ होता.

"माझं नाव मी माझ्याबरोबर घेऊन गेले होते," ती म्हणाली. "तेवढंच नेता आलं होतं."

मी विचारलं, आत माझं नाव का नाही सांगितलंस. तिला माझा राग येत नाही की काय, अशी एक आशा तेव्हाही होती, काय सांगावं.

"मी एवढंच सांगितलं की ही सही माझी नाही. त्यांना पटलं नाही, इतकी चांगली केलीयस तू. तुझं नाव घेतलं असतं तर म्हणाले असते, काढून टाकलं म्हणून उरलेल्यावर खार खातेय." मग जरा थांबून, "त्या लाँड्रीतल्या माणसाचा हात कसा आहे?"

मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं कुणाला. तिनं ते माझ्या तोंडावरून ओळखलं आणि गेली. या वेळी पुढच्या दारानं.

२६ मार्च, बुधवार

आज एकही आकडा पुकारला नाही. पोटात दुखतंय सांगून काम बंद ठेवलं.

ताईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, हात थांबले नाहीत. सांगितलंस तर नोकरी जाईल ना, म्हणाली. जाईल. मग हेही कॉलेजसारखं अर्ध्यातच? बोलून तिची तीच ओशाळली, आणि निवडलेली, न निवडलेली सगळी एकत्र करून टाकली. पुढे म्हणाली, "आवडते ना तुला ती?" मी हो म्हणालो. "तिला?" मी तिच्यासमोर बसून ती भाजी परत निवडायला लागलो.

२७ मार्च, गुरुवार

पाच वाजता काकांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. दिवा, उघडं पेन. सगळं सांगून टाकलं. आवाज न चढवता सांगायला इतका त्रास होतो हे माहीत नव्हतं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "पण तुला मी सांगितलं होतं ना, दुसरा रकाना कोरा ठेव, संध्याकाळी माझ्याकडे आण, मी मास्टरवर परत लावून सही करीन?"

"नाही काका. तुम्ही म्हणालात, बघू."

"नाही सांगितलं?"

"नाही."

त्यांनी चष्मा काढला. "मग मनातच सांगितलं असेन. त्या खुर्चीकडे बघून पुढे बोलवेना." रोज पाचला ते माझ्या स्लिपांची वाट बघत बसायचे. मी घुश्शात आहे, सध्या मोकळा सोडावा, काम थोडं असेल म्हणून पोरगा येत नसेल, असं समजून गप्प राहिले. मी समजत होतो, हा माणूस पाप खुपतंय म्हणून बसून असतो. तीन आठवडे आम्ही दहा पावलांवर होतो.

एकट्यानं दोन्ही काटे बघितले की डोळा फितूर होतो, त्यांनी समजावलं. मास्टर नऊ म्हणतो, मग समोरचा आठ म्हणत असला तरी आपण नऊच वाचतो. म्हणून तर दोन माणसं आणि मध्ये आडोसा. तो आडोसा मीच काढून ठेवला होता.

यादीचंही विचारलं. म्हटलं, आता राहिलंच काय.

"नावं त्यांचीच होती," काका म्हणाले. "फक्त तुमच्या टेबलाचं मला विचारलं. दोघांतला एक. मी तुला ठेव म्हणालो. तिला कुठेही काम मिळेल. तुला..." वाक्य पुरं केलं नाही. मग माझ्याकडे बघून पुरं केलं. "तुला मिळणार नाही असं वाटलं."

रागच यायला हवा होता. आला नाही. अठरा महिने जिच्या समोर बसलो तिच्याच खुर्चीवर मी बसलोय, हे एवढंच डोक्यात येत राहिलं.

२८ मार्च, शुक्रवार

साहेब आणि बाई दोघंही होते. मी रात्री भाषण तयार केलं होतं, गेलेल्या सात जणांपासून सुरू होणारं. ते केलं नाही. सांगितलं की सात तारखेपासून चोवीसपर्यंत दुसऱ्या रकान्यातल्या सगळ्या सह्या मी केल्या. तिनं एकही कोरी स्लिप सही करून ठेवली नव्हती. साहेबांना खरं वाटेना. मग कागद मागून त्यांच्यासमोर तिची सही पाच वेळा केली. साहेबांनी तो कागद उलटा ठेवला.

बाई म्हणाल्या, दुसऱ्या सहीचा प्रश्न होता तर बैठकीत का नाही विचारलंत, तुम्ही तर सगळ्यांत जास्त बोललात.

मी म्हणालो, "मला विचारायला हवं होतं. पण तुम्ही विचारत होता मनात काय आहे. कामात काय अडलंय ते कुणीच विचारलं नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. लिहून मात्र घेतलं नाही.

एकतीस तारीख माझा शेवटचा दिवस. तोपर्यंत ते दोनशे बारा गेज कुठे कुठे गेलेत ते शोधून परत मागवायचे. हे माझं मीच मागून घेतलं.

२९ मार्च, शनिवार

सुट्टी असून गेलो. स्टोअरकीपरही आला, न बोलावता. कार्बन कॉप्या काढून दिल्या. एकोणीस ठिकाणं निघाली. फोन मी केले. पहिल्याच फोनवर घसरलो, "आमच्याकडून काही तांत्रिक कारणामुळे" असं तोंडातून गेलं. समोरच्यानं विचारलं, म्हणजे काय? मग सांगितलं, की दुसऱ्या माणसानं तपासायला हवं होतं, तो माणूस नव्हता, आणि मी त्याची खोटी सही केली. तो गेज काढून ठेवा, लावलेला असेल तर आधी बॉयलर थंड होऊ द्या. त्यानंतर सगळ्यांना हेच सांगितलं. तिघांनी शिव्या दिल्या. एकानं फोन आपटला, त्याला परत केला. प्रत्येकाकडून गेजचा नंबर परत म्हणवून घेतला.

शेवटचा लाँड्रीला. बॉयलरवाला स्वतःच आला फोनवर. हाताचं विचारलं. म्हणाला, साल गेली, नवीन येतेय, बायको जेवण भरवते, चैन आहे. मग म्हणाला, "कोण बोलतंय?" मी माझं नाव सांगितलं. पूर्ण.

स्टोअरकीपरनं अर्धा चहा माझ्या कपात ओतला. इंजिनिअर म्हणाला नाही आज.

३१ मार्च, सोमवार

एकशे सत्याण्णव परत आले. पंधरा वाटेत आहेत, काका बघतील. आडोसा मी जागेवर बसवून दिला. काकांनी पाठीवर हात ठेवला आणि माझा पत्ता एका कागदावर लिहून घेतला. कशाला, ते विचारलं. म्हणाले, कुठे ऐकलं काही तर कळवायला, आणि नाही ऐकलं तरी.

साडेतीनला ती पत्र न्यायला आली. मी आत टेबल पुसत होतो. दाराच्या काचेतून तिची पाठ दिसली, बाईंनी लिफाफा दिला, तिनं तिथेच उघडून वाचला. नीट, दोनदा. मग बॅगेत ठेवला. माझ्याकडे येणारी चार पावलं होती, आणि जिन्याकडे जाणारी दहा. ती जिन्याकडे वळली.

मला हाक मारता आली असती. माफी मागायची राहिलीय, असं स्वतःला सांगत दारापर्यंत गेलोसुद्धा. पण मला माफी मागायची नव्हती. मला तिनं वळून काहीतरी म्हणायला हवं होतं. हे लक्षात आलं तेव्हा कडीवरचा हात काढला.

मीही आत्ता निघालो असतो तर तिला वाटलं असतं, मागे येतोय. म्हणून खिडकीशी थांबलो. ती फाटकातून बाहेर पडली, रस्ता ओलांडला, फोन कानाला लावून हसत कुणाशी तरी बोलत होती, कोपऱ्यावर गेली, वळली. आणखी थोडं थांबलो. मग पिशवी उचलली, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.